कोलंबसला आलात, आता बार्थोलोम्यू काउंटी ओळखून घ्या

कोथरूड, कर्वेनगर, बाणेर इथून उठून थेट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबसला येणारी आपली मंडळी बरीच आहेत. कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, मुख्य गाव. कारण उघड आहे: कमिन्स. इंजिनं बनवणाऱ्या या कंपनीचं मुख्यालय इथलं, आणि पुण्यात १९६२ साली ‘किर्लोस्कर कमिन्स’ उभी राहिली तेव्हापासून दोन्ही गावांचा घरोबा आहे. कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाटीवरही हेच नाव. येणारा माणूस बहुधा दोन-तीन वर्षांसाठी येतो. ऑफिस, अपार्टमेंट, वॉलमार्ट आणि शनिवार-रविवारी किराण्यासाठी नाहीतर देवळासाठी इंडियानापोलिस, यात ती वर्षं निघून जातात. परत गेल्यावर कुणी विचारलं, ‘कसं आहे तिकडे?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही हो, नुसता मका.’

मका आहेच. पण तो इथे का आहे, पश्चिमेला का नाही, रस्त्यांना नावांऐवजी आकडे का आहेत, पन्नास हजार वस्तीच्या गावात जगातल्या नामवंत वास्तुविशारदांनी इमारती का बांधल्या, हे कळलं की तीच वर्षं वेगळी जातात. नव्याने येणाऱ्यांना मी नेहमी एकच क्रम सांगते: आधी जमीन, मग कागद, मग माणसं. बहुतेक जण उलट करतात. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांशी गट्टी जमवायला जातात आणि महिन्याभरात ‘हे लोक वरवर गोड’ असा शिक्का मारून मोकळे होतात. इथल्या माणसांचं बोलणं पूर, शाळा, शेत आणि रस्ता यांभोवती फिरतं. ते संदर्भच ठाऊक नसतील तर बोलणं हवापाण्यापुढे सरकणार कसं?

एक इशारा आधीच. विमानाचं तिकीट काढताना नुसतं ‘कोलंबस’ टाकू नका. ते ओहायोचं कोलंबस निघतं आणि तिथून इथे यायला मोटारीने तीन तासांवर वेळ लागतो. आपलं विमानतळ इंडियानापोलिस. आईवडिलांचं तिकीट काढताना तर दोनदा बघा.

हाताशी काय काय हवं

- काउंटीचा कागदी नकाशा. फोनला शेतांमधून नेहमीच रेंज मिळेल असं नाही.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा विजेचं बिल). लायब्ररीचं कार्ड काढायला लागतो.
- ड्रायव्हिंग लायसन्स. इंडियानात राहायला आल्यापासून ६० दिवसांत इथलं काढायचं असतं.
- गमबूट किंवा जुने बूट. मार्च-एप्रिलचा चिखल नव्या बुटांची रया घालवतो.
- थोडी रोकड. जत्रेत आणि शेताच्या कडेच्या भाजीच्या टेबलावर कार्ड चालेलच असं नाही.

१. आधी जमीन बघा

एखादा मोकळा शनिवार धरा. सकाळी कोलंबसच्या पूर्वेला दहा-बारा मैल जा आणि दुपारी पश्चिमेला स्टेट रोड ४६ ने तेवढेच जा. वाटेत कुठे थांबला नाहीत तरी चालेल.

पूर्वेला जमीन इतकी सपाट की पुढच्या गावाची पाण्याची टाकी कितीतरी आधीपासून दिसत राहते. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी ही जमीन सपाट केली आणि वितळताना वर गाळाचा जाड थर सोडला. मका आणि सोयाबीन या गाळावर उभे आहेत. पण ही जमीन मुळात पाणथळ. पहिल्या वसाहतवाल्यांनी जंगल तोडलं, मग जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाण्याचा निचरा केला. आजही शेतांखाली निचऱ्याचं असं जाळं आहे, आता प्लॅस्टिकच्या नळ्यांचं. पावसानंतर ओढ्याच्या काठाशी एखाद्या पाइपातून पाण्याची धार पडताना दिसली तर ते सांडपाणी नव्हे, वरच्या शेतातलं पाणी आहे.

पश्चिमेला गेलात की पंधरा मिनिटांत चित्र पालटतं. टेकड्या सुरू होतात, रस्ता वळणं घेऊ लागतो, शेतं आक्रसतात आणि झाडी दाटते. शेजारच्या ब्राउन काउंटीच्या या टेकड्या शेवटच्या हिमयुगातल्या बर्फाखाली आल्याच नाहीत, म्हणून त्या चढउतारांसकट राहिल्या. तिथे शेती फारशी पिकली नाही. लाकूड होतं, ते तोडून झालं, माणसं निघून गेली आणि १९२९ साली तिथे राज्य उद्यान झालं. इंडियानातलं ते सगळ्यात मोठं. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला तिथे इतकी गर्दी होते की ४६ नंबरच्या रस्त्यावर सिंहगडाच्या रविवारची आठवण यावी. रंग बघायचे तर मधल्या वारी सकाळी जा.

या दोन टोकांच्या मध्ये नद्या. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड कोलंबस गावाला लागूनच एकत्र येतात आणि तिथून पुढे त्यांना व्हाइट नदीचा पूर्व फाटा म्हणतात. हा संगम मिल रेस पार्कमधून बघता येतो. तिथला मनोरा खुला असेल तर वर चढा: एकीकडे नदी, दुसरीकडे कोर्टाचा टॉवर. ही जागा पूर्वी चामड्याच्या कारखान्याची आणि झोपड्यांची होती, आणि गावात तिला ‘डेथ व्हॅली’ म्हणत. आजच्या रूपातलं उद्यान १९९२ चं.

२. रस्त्यांचे आकडे वाचायला शिका

गावाबाहेर पडलात की पत्ते विचित्र दिसू लागतात: ‘वेस्ट ४५० साउथ’, ‘नॉर्थ २०० वेस्ट’. हा एकच पत्ता आहे की दोन, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. किल्ली सोपी आहे. काउंटीत एक उभी आणि एक आडवी आधाररेषा धरलेली आहे. त्या रेषेपासून १०० म्हणजे एक मैल. म्हणजे ‘४५० साउथ’ हा रस्ता आडव्या रेषेच्या साडेचार मैल दक्षिणेला, पूर्व-पश्चिम जाणारा. आधी लिहिलेला ‘वेस्ट’ एवढंच सांगतो की तुम्ही त्या रस्त्याच्या पश्चिम भागात आहात. एकदा हे डोक्यात बसलं की नकाशाशिवायही घरी येता येतं.

याच्या मुळाशी जमिनीची मोजणी आहे. हा मुलुख विकायला काढण्याआधी सरकारने सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत आखला. अशा प्रत्येक चौकोनाचे ३६ तुकडे, आणि एक तुकडा ६४० एकरांचा. आपल्याकडे बांध ओढ्याच्या, वडाच्या, भावकीच्या वाटणीच्या कलाने जातो. इथे आधी रेघा मारल्या आणि मग माणसं आली. विमानातून शेतं बुद्धिबळाच्या पटासारखी दिसतात ती त्यामुळेच.

या रस्त्यांवरचे सापळे मात्र खरे आहेत:

मका वाढला की ऑगस्टमध्ये चौकांत काही म्हणजे काही दिसत नाही. आपल्याला थांबायची पाटी नसली तरी वेग कमी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीची अजस्र यंत्रं अर्धा रस्ता अडवून चालतात. मागून हॉर्न वाजवणं इथे शिवी दिल्यासारखं आहे, तेव्हा थांबा. पुढच्या वाटेवर तो शेतकरी बाजूला घेतोच. संध्याकाळी, विशेषतः नोव्हेंबरात, हरणं आडवी येतात. एक गेलं म्हणजे संपलं नाही, मागे आणखी असतात.

आणि कुणाच्याही शेतात फोटोसाठी शिरू नका. पाटी नसली तरी झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नये’ असाच आहे. इंडियानात २०१८ पासून कायद्याने त्या पट्ट्याला पाटीइतकंच वजन आहे.

३. घर घेण्याआधी पुराचा नकाशा बघा

हे भाड्याच्या घरालाही लागू. इथल्या नद्या उथळ दिसतात म्हणून फसू नका. १९१३ च्या मार्चमधला महापूर आता कुणाच्या आठवणीत नसेल, पण ७ जून २००८ चा सगळ्यांच्या आहे. त्या दिवशी मोठ्या नदीपेक्षा हॉ क्रीक नावाच्या साध्या ओढ्याने गावाला बुडवलं. जिल्हा रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं, दीडशेवर रुग्णांना बाहेर काढावं लागलं आणि रुग्णालय कित्येक महिने बंद राहिलं. कमिन्सच्या तंत्रकेंद्रातही पाणी घुसलं.

केंद्र सरकारचा पूरनकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो, पत्ता टाकला की पुरे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. घरमालकाला मात्र सरळ विचारा, ‘२००८ मध्ये इथे पाणी आलं होतं का?’ लोक मनमोकळं सांगतात, आणि बऱ्याचदा त्या प्रश्नावरूनच पहिल्या खऱ्या गप्पा सुरू होतात.

चक्रीवादळाचं एकच लक्षात ठेवा: ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे वादळ होण्यासारखी हवा आहे, ‘टोर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे ते दिसलंय किंवा रडारवर आलंय. दुसऱ्याला तळघर, किंवा खिडकी नसलेली आतली खोली. व्हिडिओ काढायला बाल्कनीत जाऊ नका.

४. कोर्टहाउसमध्ये एक चक्कर मारा

गावाच्या मध्यावर लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत दिसते ती १८७४ ची. आयझॅक हॉजसन हा तिचा वास्तुविशारद. आपल्याकडे कलेक्टर कचेरी म्हटलं की एक साहेब आणि त्याच्या हाताखाली सगळे, असं डोळ्यांसमोर येतं. इथे तसा साहेब नाही. इंडियानाच्या ९२ पैकी बहुतेक सगळ्या काउंट्यांप्रमाणे इथेही तीन निवडून आलेले आयुक्त कारभार बघतात आणि सात जणांची काउंटी कौन्सिल पैशावर लक्ष ठेवते. शेरीफ, हिशेबनीस, खजिनदार, दस्तनोंदणी करणारा, मोजणी अधिकारी, इतकंच काय मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरसुद्धा मतं मागून निवडून येतो. निवडणुकीच्या वर्षी अंगणाअंगणांत कोरोनरच्या नावाच्या पाट्या बघून नवखा माणूस चक्रावतो.

काउंटीखाली टाउनशिप, अशा बारा. प्रत्येकीचा एक ट्रस्टी. त्याचं काम ऐकलं तर गंमत वाटेल: अडल्यानडल्याला वीजबिलाची मदत, ग्रामीण भागातल्या अग्निशमनाची सोय, आणि बेवारस जुन्या कबरस्तानांची निगा. शेताच्या मधोमध चार झाडं आणि पाच-सात झिजलेले दगड दिसले तर ते पहिल्या वसाहतीचं कबरस्तान असतं. नांगर त्याला वळसा घालून जातो.

कागद कुठे बघाल? काउंटीच्या दस्तनोंदणीच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, कचेरीत कुणीही जमिनीचे दस्त बघू शकतो, कारण विचारत नाहीत. तुम्ही राहता त्या घराची जमीन मागे मागे नेत जा. १८२० च्या दशकात सरकारकडून एकराच्या भावाने घेणाऱ्या पहिल्या माणसापर्यंत साखळी पोहोचते. सातबारा काढायला ज्यांनी तलाठ्याकडे खेटे घातलेत, त्यांना हे पाहून जरा हेवाच वाटतो.

कोर्टहाउसजवळचं सैनिक स्मारक चुकवू नका. १९९७ साली उभारलेले चुनखडीच्या दगडाचे २५ उंच खांब, दाटीने उभे. लांबून नुसते खांब. आत शिरून अंग चोरत चाललात की आतल्या बाजूंवर कोरलेला मजकूर दिसतो: युद्धांत गेलेल्या इथल्याच मुलांची घरी लिहिलेली पत्रं. अक्षरं डोळ्यांच्या उंचीवर आहेत, बोटाने चाचपता येतात. निदान तीन-चार तरी पूर्ण वाचा.

एक मोठा सापळा इथेच सांगून टाकते. लायसन्सच्या खिडकीवर, जत्रेत, कधी लायब्ररीच्या दाराशी कुणीतरी हसतमुखाने विचारेल, ‘मतदार नोंदणी करायची?’ तुम्ही नागरिक नसाल तर उत्तर ‘नाही’, बस्स. फॉर्मवर नजरचुकीने केलेली खूणसुद्धा नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकते आणि पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं गोत्यात येतं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, तुमची परिस्थिती त्याला माहीत नसते इतकंच.

५. इतिहास थरांनी समजून घ्या

यासाठी दोन जागा: काउंटी लायब्ररीतला ‘इंडियाना रूम’ आणि तिसऱ्या रस्त्यावरचं इतिहास मंडळाचं संग्रहालय. लायब्ररीपासून सुरुवात करा. जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, घराण्यांच्या फायली तिथे आहेत आणि कर्मचारी मनापासून मदत करतात. काय शोधायचं हे मात्र आधी ठरवून जा. त्यासाठी मोटामोटी थर असे:

सगळ्यात खालचा थर लेनापे लोकांचा, इंग्रज ज्यांना डेलावेअर म्हणत. पूर्व किनाऱ्यावरून ढकलत ढकलत त्यांना इथवर आणलेलं. १८१८ साली सेंट मेरीज इथे झालेल्या तहांत मध्य इंडियानाचा मोठा पट्टा त्यांच्याकडून आणि मायामी लोकांकडून सोडवून घेतला गेला. तीन वर्षांत, १८२१ मध्ये, बार्थोलोम्यू काउंटी स्थापन झाली. म्हणजे ‘आमच्या खापरपणजोबांनी रान तोडून शेत केलं’ हे खरंच, पण त्या रानात आधी माणसं राहत होती. इथल्या सार्वजनिक कथनात हा भाग चार ओळींत उरकतात. तो मुद्दाम मागून वाचा.

नाव आलं जोसेफ बार्थोलोम्यू या लष्करी अधिकाऱ्यावरून. टिपेकनूच्या १८११ च्या लढाईत तो जखमी झाला होता. गावाचं पहिलं नाव मात्र ‘टिपटोना’, जमीन देणाऱ्या जॉन टिपटनच्या मानासाठी. काही आठवड्यांतच नाव बदलून कोलंबस केलं. टिपटन चिडला, आणि पुढे राज्याचा हमरस्ता आखायची संधी हाती आली तेव्हा त्याने तो गावाला वळसा घालून नेला, असं इथे आजही चवीने सांगतात. राजकारण्याचा रुसवा आणि वळलेला रस्ता! आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा थर रेल्वेचा. ओहायो नदीवरच्या मॅडिसनहून निघालेली लोहमार्गाची ओळ १८४४ मध्ये इथे पोहोचली आणि धान्य बाहेर जाऊ लागलं. मग गिरण्या आल्या, शेतीची यंत्रं बनवणारे कारखाने आले. इथल्या एका गिरणीत मक्याचे ‘सेरेलाइन’ नावाचे पोहे बनत, कॉर्नफ्लेक्सचं युग यायच्या आधी. ती विटांची गिरणी पाडलेली नाही. कमिन्सच्या मुख्यालयाची १९८३ ची इमारत तिला पोटाशी घेऊन बांधली आहे. आपली मंडळी रोज तिच्यावरून जातात, फार थोड्यांना ती गिरणी होती हे माहीत असतं.

कमिन्सची कथा ऑफिसात ऐकायला मिळेलच: विल्यम अर्विन या सावकाराचा ड्रायव्हर क्लेसी कमिन्स, मोटारींचा वेडा, आणि मालकाच्या पैशावर १९१९ मध्ये सुरू केलेला डिझेल इंजिनांचा कारखाना. कित्येक वर्षं तो तोट्यातच चालला. १९३१ साली कमिन्सची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत एकदाही न थांबता धावली. सगळ्यात वेगवान नव्हती. इंधन भरायला थांबली नाही, हाच मुद्दा होता.

दुसऱ्या महायुद्धाने काउंटीच्या वायव्येला मोठा तुकडा घेतला. १९४२ मध्ये कॅम्प अ‍ॅटरबरी हा लष्करी तळ उभारताना शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. इटालियन युद्धकैदी तिथे ठेवले होते. त्यांनी बांधलेलं चिमुकलं प्रार्थनाघर अजून आहे, आतली रंगवलेली चित्रं बघण्यासारखी. हाच तळ २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून आलेल्या हजारो निर्वासितांचा तात्पुरता निवारा झाला. विमानतळावरच्या छोट्या संग्रहालयात या तळाच्या हवाई शाखेची माहिती आहे.

या थरांमध्ये एक काळी पट्टीही आहे. १९२० च्या दशकात इंडियाना हे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेच्या सगळ्यात भक्कम राज्यांपैकी एक होतं. संग्रहालयात हे ठळकपणे सांगतीलच असं नाही, त्या वर्षांची वर्तमानपत्रं मागून बघा.

६. इमारती बघा, पण यादी घेऊन धावू नका

अमेरिकेतल्या आधुनिक वास्तुकलेचं हे छोटं पंढरपूर आहे आणि लांबून लोक ते बघायला येतात. त्याचं श्रेय कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर (१९०९–२००४) यांना. त्यांची युक्ती अशी: सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर गावाने आमच्या यादीतला वास्तुविशारद निवडावा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल. हॅरी वीजने बांधलेल्या १९५७ च्या प्राथमिक शाळेपासून ही पद्धत सुरू झाली. मग शाळा, अग्निशमन केंद्रं, तुरुंगसुद्धा.

पहिल्या फेरीत तीनच बघा, सगळी चालत जाण्याच्या टप्प्यात. एलिएल सारिनेनचं १९४२ चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च. त्याच्यासमोर आय. एम. पेईची १९६९ ची लायब्ररी आणि तिच्या अंगणातली हेन्री मूरची ब्राँझची मोठी कमान. मुलं तिच्याखालून पळत असतात आणि कुणी हटकत नाही. आणि वॉशिंग्टन रस्त्यावर एलिएलचा मुलगा ईरो सारिनेन याने १९५४ मध्ये बांधलेली काचेची बँक. त्या काळी बँक म्हणजे गजांआडचा कारकून आणि दगडी खांब. याने चारी बाजूंनी काच लावली. ही तीन नीट बघून झाली की मिलर यांचं घर. त्याच्या फेरीचं तिकीट आधी काढावं लागतं आणि ऑक्टोबरात जागा पटकन भरतात.

बँकेजवळच झाहाराकोस हे १९०० सालापासूनचं ग्रीक कुटुंबाने सुरू केलेलं आइस्क्रीमचं दुकान आहे. संगमरवरी काउंटर आणि वाजणारं जुनं यांत्रिक ऑर्गन. पाहुणे आले की आमचा मुक्काम तिथे ठरलेला.

७. होप गावात अर्धा दिवस घालवा

ईशान्येला होप नावाचं छोटं गाव आहे. मध्ये हिरवळीचा चौक आणि भोवती दुकानं. १८३० च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातून मार्टिन हाउजरबरोबर आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी ते वसवलं. मोरेव्हियन लोक म्हणजे मूळचे बोहेमिया-मोरेव्हियातले, जर्मनीत आसरा घेतलेले प्रॉटेस्टंट. जगभर मिशन काढणारे. लडाखात लेह इथे १८८५ पासून त्यांचंच मिशन आहे, म्हणजे भारताशी यांची ओळख आपल्या कंपनीपेक्षा बरीच जुनी.

त्यांच्या कबरस्तानाची रीत पाहा: दगड जमिनीलगत सपाट आणि सारखे, कारण मेल्यावर श्रीमंत-गरीब नाही. ख्रिसमसच्या सुमारास घरांच्या ओसरीवर अनेक टोकांच्या कागदी चांदण्या लागतात, आपल्या आकाशकंदिलाच्या सख्ख्या चुलत बहिणी. ‘लव्हफीस्ट’ नावाच्या प्रार्थनेत सगळ्यांना गोड पाव आणि कॉफी वाटतात. धर्म विचारत नाहीत. जायचं असेल तर आधी चर्चला फोन करून वेळ विचारा.

८. आता माणसं

इथवर आलात की बोलायला विषय आपोआप आहेत.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे उन्हाळ्यातली ‘४-एच’ या मुलांच्या संघटनेची जत्रा. शेतकऱ्यांच्या, आणि आता गावातल्याही, मुलांनी वर्षभर पाळलेली डुकरं, शेळ्या, वासरं तिथे रिंगणात आणतात. स्पर्धेच्या आधी जनावरांच्या गोठ्यात जाऊन उभे राहा. दहा-अकरा वर्षांची एखादी पोर रबरी बूट घालून आपल्या कालवडीला हेअर ड्रायरने वाळवत असते, शेपटीचा गोंडा विंचरत असते. ‘नाव काय हिचं?’ एवढं विचारा. पुढची दहा मिनिटं तुम्हाला फक्त ऐकायचंय. शेवटी लिलाव असतो, तिथे स्थानिक बँका आणि दुकानदार बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात, ती मुलांच्या शिक्षणाला मदत म्हणून. आणि हो, ते जनावर बहुतेक वेळा खाटकाकडे जातं. घरच्या लहानग्यांना आधी कल्पना द्या.

शाकाहारी मंडळींनी चर्चच्या जेवणावळीत किंवा जत्रेत विचारल्याशिवाय काही उचलू नये. फरसबीच्या शेंगांत बेकनचे तुकडे असतात. नूडल्स कोंबडीच्या रश्शात शिजवतात. पायच्या पारीत कधीकधी डुकराची चरबी असते. भाजलेलं कणीस, लिंबू सरबत आणि ‘एलिफंट इअर’ नावाची साखर-दालचिनी भुरभुरलेली मोठी तळलेली पोळी यांवर बिनधास्त भूक भागते. घरून जेवणावळीला काही न्यायचं तर आमच्याकडे साबुदाणा वड्यांपेक्षा काकडीची कोशिंबीर आणि शिरा जास्त खपतो.

गप्पांचे काही संकेत: बास्केटबॉल इथे दुसरा धर्म आहे. तुमची मुलं कोलंबस नॉर्थ हायस्कूलला की ईस्टला, हे विचारणारा माणूस खरं तर तुम्ही कुठल्या बाजूचे ते विचारतोय. बास्केटबॉलच्या कॅनव्हास बुटांवर ज्याचं नाव आहे तो चक टेलर याच गावच्या शाळेत खेळला, हे माहीत असेल तर एक गुण जास्त. ग्रामीण रस्त्यावर समोरून येणारा पिकअपवाला स्टीअरिंगवरून एक बोट उचलतो. तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. राजकारण आपणहून काढू नका. काउंटी रिपब्लिकन मतांची आणि माजी उपाध्यक्ष माइक पेन्स इथलेच, १९५९ चा जन्म. पण त्यांच्याच गावात २०१८ मध्ये समलिंगी हक्कांचा पहिला सार्वजनिक उत्सव झाला आणि त्याला मोठी गर्दी लोटली. तेव्हा समोरच्याचं मत कपड्यांवरून किंवा पिकअपवरून ठरवू नका.

‘द रिपब्लिक’ हे इथलं वर्तमानपत्र. त्यातले मृत्युलेख वाचायची सवय लावा. कोण कुठल्या शाळेत शिकलं, कमिन्समध्ये किती वर्षं होतं, कुठल्या चर्चचं होतं, नातवंडं किती: काउंटीचं नातेजाळं तिथे छापून येतं.

घरी असलेल्या जोडीदारांसाठी लायब्ररी, अन्नछत्र, मुलांची शाळा इथे स्वयंसेवा करणं हा ओळखी व्हायचा उत्तम मार्ग. पण कामाची परवानगी नसलेल्या व्हिसावर असाल तर दुकानात किंवा खासगी कंपनीत ‘फुकट मदत’ करू नका. एरवी ज्याचे पैसे देतात ते काम बिनपगारी केलं तरी अडचण होऊ शकते. शंका असेल तर कंपनीच्या वकिलाला विचारा.

९. कुंपणापलीकडे

दक्षिणेला जॅक्सन काउंटी. उन्हाळ्यात तिथली कलिंगडं आणि खरबुजं घ्यायला जा, रेताड जमिनीमुळे ती गोड होतात. तिथल्या सीमोर गावाजवळच्या फ्रीमन फील्ड तळावर १९४५ च्या एप्रिलमध्ये १०१ कृष्णवर्णीय हवाई अधिकाऱ्यांनी गोऱ्या आणि काळ्या अधिकाऱ्यांसाठी वेगवेगळ्या क्लबचा नियम मान्य असल्याची सही द्यायला नकार दिला आणि अटक पत्करली. पश्चिमेच्या ब्राउन काउंटीबद्दल वर आलंच. कलिंगडांसाठी जुलैचा शेवट ते ऑगस्ट धरा, आणि जाताना पुढच्या सीटवर कागदी नकाशा ठेवा. तिथे रस्त्यांचे आकडे त्या काउंटीच्या आधाररेषेपासून नव्याने सुरू होतात.